श्रीपूरच्या दोन ट्रॉल्या

अरे, त्या रोबोट स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या टीमांची पाहणी मीच केली होती. आमच्याइतका वेगवान रोबोट अख्ख्या सोलापुरात नव्हता. श्रीपूरच्या मुलींचा तर दोन ट्रॉल्या ओढणारा, उसाच्या ट्रॅक्टरसारखा रखडत चाललेला. त्यांच्या कॅप्टनला मी विचारलं, "एवढा हळू? उद्या काय करणार?"

"लई काय न्हाय, दादा. तुमच्या म्होरं ऱ्हाणार."

आम्ही पोट धरून हसलो.

फायनलला ठोकळे पलीकडे न्यायला एकच अरुंद पूल होता. आम्ही एक ठोकळा ठेवून दुसरा आणेपर्यंत तिचा रोबोट दोन्ही ट्रॉल्या भरून पुलावर चढलेला. वेळ संपत आली तरी आमचा त्याच्या मागंच! मी ओरडलो, "अगं, साइड दे की!"

तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "हॉर्न वाजवा, दादा."