टेलरची कंबर

आणि वर हे मलाच म्हणतात, "बघ, पँट सैल झाली! तू उगीच घाबरतेस!" सैल झाली म्हणे... अहो, टेलरची पँट सैल व्हायला काय लागतं? पण हे मला आधी सुचायला नको? तुम्हाला सांगते, नवरा मास्तर असावा, ड्रायव्हर असावा, टेलर नसावा! दुसऱ्या कुणाचा नवरा सुटायला लागला की त्याची पँटच बोंब मारते, बटण उडतं, चेन बसत नाही, बायको सावध होते. आमच्याकडे? जरा आवळायला लागलं की ह्यांनी दुकानात बसल्या बसल्या मागची शिवण उसवायची, आत राखून ठेवलेलं कापड सोडायचं, वर टीप मारायची, विषय संपला! लग्न झाल्यापासून ह्यांना एकही पँट कधी घट्ट झालेली नाही. मी आपली खूश, की काय तब्येत राखलीय माणसानं! आता पदरात एवढंसं मूल आहे हो माझ्या, मी त्याचं बघू की रोज नवऱ्याची कंबर मोजत बसू?

मग झालं काय, कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन हे दुकानाचा जिना चढायला लागले आणि मधल्याच पायरीवर बसले. छातीत दाटून आलं, घामाने शर्ट भिजला. धावतपळत दवाखान्यात नेलं. झटका नव्हता... वाचलो! पण रक्तदाब वर, कोलेस्टेरॉल वर, आणि साखर अगदी कुंपणावर येऊन बसलेली. डॉक्टर विचारतात, "वडील?" सासूबाई म्हणाल्या, "हृदयानेच गेले हो, पन्नाशीसुद्धा बघितली नाही." "काम?" "बसून." "जेवण?" असं विचारायची खोटी, की सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं! जसं काही मीच ह्यांना धरून भरवत होते!

डॉक्टरांनी पाठवलं आहार सांगणाऱ्या बाईंकडे. बाई शांत. म्हणाल्या, "वडिलांकडून आलेलं आपल्याला बदलता येत नाही. पण मीठ, तळण, पोटाचा घेर आणि दिवसभर बसणं, हे आपल्या हातात आहे." अर्धं ताट भाज्यांचं, डाळी-कडधान्यं रोज, फळं, मूठभर बिनमिठाचे दाणे, पाकिटातलं खारट बंद, बेकरीचं बंद, चहात साखर नावाला, आणि रोज चालायचं. "औषध चालूच ठेवायचं, हे त्याच्या जोडीला," असंही बजावलं. मग टेप काढून ह्यांच्या पोटाला लावली. झालं! ह्यांच्यातला टेलर जागा झाला. "बाई, तुम्ही टेप चुकीच्या जागी धरलीय. कंबर इथे नसते."

बाई म्हणाल्या, "पँटची नसेल. पोटाची इथेच असते."

मला हसू आलं, पण हसते कशी? पदरात एवढंसं मूल आहे हो माझ्या!

घरी आले आणि मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. सासूबाई सुरू... "अगोबाई, चांगल्या धडधाकट माणसाला आजाऱ्याचं जेवण!" म्हटलं, "आई, धडधाकट राहावा म्हणूनच!" आणि हे? हे इतके गरीब झाले, इतके गरीब... "वाढ गं, भाजी वाढ. मीठ नको हं मला." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. माणूस अळणी भाजी हसत खातो कधी? पण मी काळजीनं इतकी आंधळी की रोज विचारायची, छातीत काही होत नाही ना, धाप लागत नाही ना, बारीक झाल्यासारखं वाटतं का... आणि एक दिवस हे दारातच उभे, पँटच्या कमरेत दोन बोटं घालून! "बघ. सैल!"

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेजारणीला बोलावून दाखवली ती पँट. आणि माझी अक्कल बघा... शाबासकी म्हणून ह्यांना केकचा तुकडा दिला! दर वेळी सैल झाली की केक. पँट आपली सैलच होत चाललीय, केक आपला चाललाच आहे.

पुन्हा गेलो बाईंकडे. हे वजनकाट्यावर उभे राहिले. बाई काट्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. वजन वाढलेलं! "अहो, असं कसं? पँट तर सैल झालीय!" म्हणून मी ह्यांना पाठमोरं केलं, तर काय... राखाडी पँट, आणि मागच्या शिवणीवर नवाकोरा काळा दोरा!

हे खाली मान घालून म्हणतात, "अगं, तू सारखी रडायचीस. तुला बरं वाटावं म्हणून उसवली."

आता बोला! मला बरं वाटावं म्हणून! आणि दुकानाखालच्या बेकरीतली बिस्किटं, तीपण माझ्यासाठीच खात होतात का? नुसतं रडून काय होतंय... पदरात एवढंसं मूल आहे हो माझ्या!

मग मी एकच केलं. मूल कडेवर घेतलं आणि ह्यांच्या समोरच्या दुकानात गेले. तिथेही टेलरच. ह्यांचा नि त्याचा छत्तीसचा आकडा. तो म्हणतो, "वहिनी, वाट चुकलात?" म्हटलं, "ह्यांची पँट शिवायचीय." त्याच्या हातातली कात्रीच खाली पडली. बाईंनी जिथवर आणायला सांगितली होती त्या कमरेचं माप दिलं. "आणि भाऊजी, आत कापड सोडायचं नाही. सूतभरसुद्धा नाही!"

पँट बघून हे असे पांढरे पडले, तेवढे पांढरे त्या दिवशी जिन्यावरसुद्धा झाले नव्हते. "अगं, त्याच्या हातची? मी?" तिथेच, ह्यांच्या दुकानात घालायला लावली. बटण काही पोचेना. तेवढ्यात समोरून हाक, "काय शेठ, फिटिंग कसं आहे?" हे ओरडले, "चुकलंय तुझं!" तो म्हणाला, "पँट मापात आहे शेठ. माणूस मापाबाहेर आहे!"

त्या दिवसापासून काय सांगू... मीठ? नको. केक? समोर धरला तरी नको. भाजी मागून घेतात, दुकान उघडायच्या आधी चालून येतात. ह्या खेपेला काटा खाली आला, रक्तदाबसुद्धा उतरलाय. बाई म्हणाल्या, "छान. बायको-मुलाचा विचार केलात." कसला विचार नि कसलं काय! डॉक्टरांनी भीती घातली, बाईंनी समजावलं, मी रडून रडून डोळे सुजवले, ढिम्म हलले नाहीत! आणि आता रोज सकाळी ती पँट चढवायची, श्वास आत ओढायचा, बटण किती लांब राहिलं ते बघायचं, आणि दात-ओठ खात म्हणायचं, "थांब लेका, ही घालून तुझ्या दारावरून नाही गेलो तर बघ!"

जगा म्हणावं. बायकोसाठी नाही तर नाही, वैऱ्यासाठी तरी जगा!