टॉवेल न गुंडाळता

छे, चपलेचा कसला फोड — बसा आधी त्या खुर्चीत, आमचे हे अंघोळीला गेलेत, आणि मघाशी पाय दाखवताना तुम्हाला जी चपलेची गोष्ट सांगितली ना, त्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही दवाखान्यातून दर आठवड्याला येता, कागद काढता, शून्य ते दहामध्ये पाय किती दुखतो म्हणून विचारता, आणि स्वारी ऐटीत सांगते — शून्य. अकरा वर्षं दहा, दहा, दहा — आणि तुमची एक सुई टोचली की शून्य? मी काय दूधखुळी आहे? काय तर म्हणे मुद्दाम घडवलेलं प्रोटीन — प्रोटीन अंड्यातही असतं, मी म्हटलं — पण हे म्हणे अंगात गेलं की दुखणं नि चटका कळवणाऱ्या नसा तेवढ्या हुडकतं आणि त्यांनाच गप्प बसवतं. बसवा. मला अकरा वर्षांत एका माणसाला गप्प बसवता आलं नाही.

कारण दुखत नव्हतंच काही, माझं आपलं स्पष्ट मत. एक्स-रेत दिसत नाही, सूज नाही, व्रण नाही — मुलीच्या लग्नात पाय वर करून बसून राहिले, माझी आई गेली तेव्हा ह्यांना जिना उतरवेना. ढोंगी, म्हणायचे मी. तोंडावर म्हणायचे. आणि रोज गरम पाण्याची पिशवी द्यायची तीही मीच, टॉवेलात गुंडाळून, नाहीतर कळवळायचे. आता शून्य म्हणतात तरी पिशवी हवीच — सवय. मग परवा म्हटलं, बघू या हे शून्याचं सोंग किती टिकतं — पाणी चांगलं उकळलं, टॉवेल गुंडाळलाच नाही, ठेवली तशीच पायावर. म्हटलं, आता उडतील आणि सापडतील. पेपर वाचत होते. पान उलटलं त्यांनी, आणि मला काय म्हणाले माहितीये? ‘पाणी गार झालं का गं?’

लिहायचं थांबू नका. म्हणजे तुमचं औषध खरं आहे — हो ना? म्हणजे ज्या नसा आता गप्प झाल्या त्या आधी — अकरा वर्षं — ओरडतच होत्या, आणि मी त्यांना —

ते जाऊ द्या. फोड बघून तुमचे डॉक्टर औषधावर ठपका ठेवतील, पुढची सुई बंद करतील, कळतं मला. तेव्हा नीट लिहा: बायकोने भाजलं, जाणूनबुजून. आणा इकडे, सही करते. ह्यांना माझं मी सांगेन. नळ बंद झाला बघा — निघा तुम्ही आता.