फळा पुसून जाणारे कोकरे सर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय संपतआप्पा, दौंड शाखेचे मुख्याध्यापक, व्यासपीठावर शाल सावरत अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती म्हस्कू कोकरे सर, पहिल्या रांगेतल्या सरांच्या सौभाग्यवती चांगुणावहिनी, दौंडचा सगळा शिक्षकवर्ग, शिरूरहून एसटीत उभं राहून आलेले माझे सहकारी, आणि मागं खिडकीत चढलेल्या मुलांनो, आधी खाली उतरा बघू, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सुलक्षणा पलांडे. मंडळाच्या शिरूर शाखेत विज्ञान शिकवते. दौंडच्या निरोप समारंभात ही शिरूरची बाई कशाला बोलतेय, असं काहींच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. कोकरे सरांबरोबर मी तीन वर्षं काम केलं, पण समोरासमोर आम्ही बसलोय ते फार थोड्या वेळा. आमचं सगळं काम ई-मेलवर चालायचं. त्यामुळं सर हसतात कसे, हे मला आज नीट दिसतंय.

दोन हजार चार साली मंडळानं दोन्ही शाखांना एकेक संगणक दिला, त्याला इंटरनेट जोडून दिलं. आप्पा, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. आप्पांनी फीत कापली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी संगणकावर कापड पडलं. धूळ बसू नये म्हणून! ते कापड काढायला लावलं आमच्या नववीतल्या मोनिकानं. भर तासाला उठून म्हणाली, "मॅडम, आमी घोडनदीला गोधड्या धुतो, त्यो फेस पार दौंडला दिसतो का?" मी म्हटलं, असलं काही पुस्तकात नाही. तर म्हणते कशी, "मग दौंडला इचारा की!"

विचारलं. उत्तर आलं ते भूगोलाच्या कोकरे सरांचं. इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं बडवलेलं. घोड पुढं भीमेला मिळते, भीमा आमच्या दौंडला येते, फेस बघायला पोरं धाडतो.

फेस काही दिसला नाही. पण पोरं रिकामी परत आली नाहीत, बाटल्या भरून पाणी घेऊन आली. मग त्या पाण्यात काय काय आहे, हे शिरूरहून मी सांगू लागले. पाणी शिरूरहून दौंडला पोचायला किती वेळ लागेल, हे इथले गणिताचे सर पोरांकडून काढून घेऊ लागले. इथल्या पूनम मॅडमनी मराठीच्या तासाला पोरांना आज्यांकडं पिटाळलं, धुणं धुताना म्हणायच्या ओव्या गोळा करायला. एका नदीवर तीन-चार विषय एकदम शिकवले जात होते. अहो, एरवी एका स्टाफरूममध्ये बसून आम्ही एकमेकांच्या विषयाकडं ढुंकून बघत नाही!

आता यातली गंमत सांगते. तेव्हा ती गंमत नव्हती, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मंडळानं दोन्ही शाखांना मिळून ई-मेलची एकच पेटी दिली होती, पासवर्डही एकच. आम्ही तिकडून लिहायचं, इकडच्या सगळ्या शिक्षकांनी आपापल्या सवडीनं उघडून वाचायचं, असं ठरलेलं. मी पूनम मॅडमना लिहिलं, उत्तर नाही. गणिताच्या सरांना लिहिलं, उत्तर नाही. आमच्या स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, "दौंडकरांना लय माज आलाय." आणि इकडं पूनम मॅडम म्हणत होत्या, शिरूरवाले नुसत्या गप्पा मारतात, एक ओळ लिहीत नाहीत. हो ना हो पूनम मॅडम? मान हलवू नका, तुम्ही म्हणत होता.

शेवटी मी तडक एसटी पकडली आणि दौंडला येऊन थडकले. संगणकाच्या खोलीत सर एकटेच बसलेले. माझं पत्र त्यांनी मन लावून वाचलं, वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत टाकलं की पुसून! वर हात झटकले, खडूची पूड झटकतात तसे. मी ओरडलेच, "अहो सर, काय करताय?" सर दचकून उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, तास झाला की फळा पुसून जायाचं, ही आपली रीत हाय. मागनं येणाऱ्या मास्तराला घाण फळा कसा द्यायचा?"

रागवायला आलेली बाई मी, तिथंच बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चांगुणावहिनी, तुम्हीही हसताय, म्हणजे घरीही हेच चालतं तर.

पण त्या दिवसापासून सरांनी एक अक्षर पुसलं नाही. उलट स्वतःच त्या पेटीचे राखणदार झाले. शिरूरहून काही आलं की व्हरांड्यातून हाक जायची, "पूनम मॅडम, शिरूरचं आलंय, चला!" कुणी म्हणालं, पेपर तपासतोय, तर सर पेपरासकट त्याला उचलून आणायचे. मी उगीच समजत होते की ही सगळी संगणकाची किमया आहे. कसलं काय! तार इथवर आलेली होती, पुढं प्रत्येकाच्या खुर्चीपर्यंत सर चालत जात होते.

आत्ताच आप्पा म्हणाले, कोकरे सरांचं हे कार्य आम्ही जोमानं पुढं नेऊ. मीही टाळ्या वाजवल्या. आप्पा, लहान तोंडी मोठा घास घेते, पण नेणार कोण? सरांची जागा भरायला मंजुरी नाही. संगणकाची खोली परीक्षेच्या कामाला जायची आहे, असं ऐकते. मी तिकडं घोडनदीच्या काठी बसून लिहीत राहीन हो, लिहायला माझं काय जातंय? पण उघडणार कोण? मला खरंच सुचत नाही काय करावं. आप्पांना विनंती करून झाली, मुख्याध्यापकांना भेटून झालं. सगळे गोड बोलतात, चहा पाजतात.

आणि पुढचं बोलायचं नाही असं ठरवून आले होते, पण राहवत नाही. काल सकाळी मी पेटी उघडली. वाटलं, पोरांनी लिहिलेलं सगळं छापून घ्यावं, छान बांधून सरांना भेट द्यावं. पेटी कोरी. एक ओळ नाही. शिरूरच्या नेट कॅफेतल्या पप्पूला दाखवलं, तो म्हणाला, "मॅडम, कचऱ्यातनं बी काढलंय, आता न्हाई मिळायचं." मी तशीच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "चार्ज दिला ना मॅडम. नकाशे दिले, कपाट रिकामं करून दिलं, तशी पेटी बी स्वच्छ करून दिली. नव्या माणसाला आपली अडगळ कशाला?"

सर, मान खाली घालू नका. तुमची चूक नाही. तास संपला की फळा पुसायचा, हेच आपण जन्मभर केलं. मला रडू येतंय ते पुसल्याचं नाही. मागून येणारं कुणी आहे, हे तुम्ही धरून चाललात, त्याचं येतंय.

म्हणून आज सगळ्यांसमोर विचारते. दौंडच्या स्टाफपैकी उद्यापासून ही पेटी कोण उघडेल? एकानं फक्त हात वर करा. भूगोलच पाहिजे असं नाही, कुठलाही विषय चालेल. पूनम मॅडम? असू दे, तुमचं बाळ लहान आहे, कळतं मला. गणिताचे सर? बरं. मागच्या रांगेत कुणी?

सर... अहो सर, तुम्ही हात खाली घ्या. शाल पडतेय तुमची. आजचा सत्कार तुमचाच आहे हो. घ्या खाली हात.

फार बोलले. आप्पांनी मला बोलू दिलं, दौंडकरांनी घरच्यासारखं जेवू घातलं, चांगुणावहिनींनी हे माणूस इतकी वर्षं शाळेला दिलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. चहा गार होतोय, आणि आमची शिरूरची गाडीही लागली असेल. सर, येते मी.