दाराआडून ऐकलेला संवाद

नाव : पडदेकाका, याच नावाने सगळे ओळखतात. वय : चौऱ्याहत्तर. धंदा : पूर्वी चित्रपटगृहात डोअरकीपर, सध्या काही नाही. राहणार : बंद चित्रपटगृहामागची गल्ली, वरचा मजला.

विचारल्यावरून आज मंगळवारी पोलीस ठाण्यात समक्ष सांगतो की, जड दार मिटतानाचा धप्प आवाज आणि त्यामागून येणारा नायकाचा दबका स्वर, या दोन आवाजांत माझी सगळी नोकरी गेली. मी दाराबाहेर उभा असे. पडद्यावर कोणी कितीही गरजला तरी माझ्यापर्यंत ते उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे पोचे. म्हणून मी प्रसिद्ध संवाद म्हणतो ते हळू म्हणतो. शाळेत कवितेच्या तासाला गुरुजी सांगत, ओरडू नकोस, ओळीला स्वतःच्या पायांनी चालू दे. कविता नको, असे हवालदारांनी म्हटल्यावरून पुढे सांगतो.

माझा मित्र तिथेच यंत्र चालवी. त्याला सगळे ऑपरेटर म्हणतात. दोन खेळांच्या मधल्या वेळात आम्ही रिकाम्या खुर्च्यांपुढे संवाद म्हणत असू. त्यात एक दोन मित्रांचा. दगा झालेला मित्र बंद दाराबाहेरून बोलतो. बाहेरचा मी, आतला तो. ऑपरेटर चिडवी, "अरे, धमकी देतोयस की बाळाला निजवतोयस?" चित्रपटात आतला मित्र बोलत नाही, नुसते दार उघडतो. आम्ही त्याला उत्तर रचले होते : "निरोप घेऊन झालाय. तुझीच वाट बघत होतो." हे आम्हा दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. चित्रपटगृह बंद पडले तरी आम्ही ते म्हणत आलो.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात 'प्रसिद्ध संवाद, आपल्या शैलीत' अशी ज्येष्ठांची स्पर्धा होती. आम्ही जोडीने नाव देणार होतो. ऑपरेटर म्हणाला, "यंदा राहू दे रे, घसा बसलाय." मी नुसता ऐकायला गेलो. तो एकटा मंचावर आला. संवाद दुसरा होता, पण मी जिथे श्वास घेतो तिथेच त्याने घेतला. परीक्षकांनी विचारले, ही शैली कुठून आणलीत? तो म्हणाला, "माझी स्वतःचीच." मी समोरच बसलो होतो. त्याने मला पाहिले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

सोमवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. घंटा वाजवली नाही. बंद दाराबाहेर उभा राहून आमचा संवाद म्हटला, "बाहेर ये. तुला संपवल्याशिवाय आज मी जाणार नाही. घरच्यांचा निरोप घे." नेहमीसारखाच हळू म्हटला. आतून त्याच्या चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. मी उत्तरासाठी उभा राहिलो. उत्तर आले नाही. त्याच्या सुनेने खिडकीतून ऐकून पोलिसांना फोन केला. तिचा दोष नाही. हवालदारांनाही तो संवाद पाठ आहे. मी म्हणून दाखवल्यावर त्यांनी तो गर्जून दाखवला आणि ते म्हणाले, "आजोबा, हा असा असतो. तुमचा ऐकून अंगावर काटा आला."

ऑपरेटरला काल रात्रीच माझ्यादेखत विचारण्यात आले, हे तुमचे नेहमीचे आहे काय? तो म्हणाला, "छे! आम्ही दोघांनी मिळून असं कधीच काही म्हटलेलं नाही." त्याने हो म्हटले असते, तर शैली कोणाची तेही सांगावे लागले असते. त्याचे म्हणणे कायम राहिल्यास माझ्यावर धमकीचा गुन्हा दाखल होईल, हे मला समजावून सांगितले आहे. मला समजले.

माझे ऑपरेटरशी पूर्वीचे कोणतेही भांडण नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला जरा मोठ्यानेच वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर : वाचन संपत असताना ऑपरेटरची सून ठाण्याच्या दाराशी आली. हात ओले होते. आत यायला सांगितले तरी आली नाही. म्हणाली, "काका, बाबा सकाळपासून मोरीत नळ सोडून बसलेत. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतायत. मला भीती वाटते हो, त्याचा अर्थ काय?"

हवालदारांनी विचारले, कोणते वाक्य?

तिने ते सांगितले, "निरोप घेऊन झालाय, तुझीच वाट बघत होतो." अगदी हळू.