हातोडा घेऊन आलेला गिऱ्हा

ए, पाय वर घ्या सगळ्यांनी. ओट्याखाली लोंबकळत ठेवू नका. मंदा, कंदिलाची वात जरा वर कर गो. हां, आता ऐका. मध्येच कोणी खिदळलं तर मी उठून झोपायला जाईन, सांगून ठेवते.

तेव्हा तुमचा बाप माझ्या पोटात. तोच तो, आत घोरतोय बघा! दुपारपासून कळा, आणि पोर आडवं. गोदाक्का सुईण म्हणाली, "हे माझ्या हातचं नाही. रातोरात पलीकडे दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही जातील." पलीकडे म्हणजे खाडी ओलांडून. पूल कुठला तेव्हा? गावच्या होड्या सगळ्या मासे मारायला गेलेल्या. उरली आमची एक. तिला नुकतंच डांबर लावून पाण्यात सोडलेलं, पण इंजिन? दोन पावसाळे बंद!

तुमचे आजोबा होडी आणायला निघाले. माझे सासरे पाय मोडून खाटेवर पडलेले. तिथूनच ओरडले, "जाम असेल रे ते! जोर करू नकोस. पाजायचं, आणि एक विडी ओढायची." म्हणजे काय? सांगते ना, धीर धरा! डिझेल आत फवारतो तो इंजेक्टर काढायचा, त्या भोकातून तेल आणि डिझेल आत ओतायचं, आणि आख्खी विडी संपेपर्यंत हात लावायचा नाही. तेल झिरपलं की पिस्टन सुटतो. ठोकाठोकी केली की फुटतो, मग बसा बोंबलत. म्हणून मामंजींच्या पेटीत हातोडा कधी नव्हताच.

रस्त्याने गेलं तर मोठा वळसा. हे शिरले खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या बांधावरच्या वाटेने. दोन्हीकडे कांदळाची झाडी, आणि काळोख असा की स्वतःचा हात दिसेना! मागून आवाज आला. चुबुक. चुबुक. वाट कोरडी खडखडीत, आणि मागून पाण्यात पाय वाजतायत! हे थांबले की तो थांबे. चालले की चाले. गिऱ्हा होता तो गिऱ्हा! पाण्यातलं भूत. माणसाला भुलवतो आणि पाण्यात ओढतो.

हे पळत होडीत शिरले. हॅण्डल घातलं, चाक हलेना. गिअर अडकलाय का बघितलं, नाही. म्हणजे आतूनच जाम. पाना घ्यायला हात मागे केला, तर पाना नाही! आत्ता तर ठेवलेला! काडी ओढून बघतात तो काठावरच्या चिखलात उभा रोवलेला. तसाच उतरून आणला. करतील काय बापडे? इकडे मी ओरडत होते ना. इंजेक्टर काढला, तेल ओतलं, विडी पेटवली.

तेवढ्यात काठावर कंदिलासारखा गार, निळसर उजेड. मामंजी! काठी टेकत आलेले. "अरे, विड्या काय ओढतोस? बायको मरतेय तिकडे! फेक ती विडी. हा घे हातोडा. ठोक!"

आवाज तोच. खोकला तोच. यांचा जीव भांड्यात पडला, बाप आला म्हणून. हात पुढे केलासुद्धा! आणि मग डोक्यात आलं. हातोडा? आमच्या बापाच्या हातात? आणि मोडका पाय घेऊन हा आला कसा? खाली बघितलं. पायच नाहीत! नुसतं पाणी निथळतंय.

हे तसेच विडी ओढत बसले. विस्तवाजवळ तो येईना, पण बोलायचं सोडीना. आणि मग पोरांनो, मग त्याने माझा आवाज काढला! "अहो, मी आलेय हो. पाण्यात आहे. हात द्या, बुडतेय मी!"

हे रडत होते. नंतर मला म्हणाले, तेवढा मी कधीच रडलो नाही. पण उठले नाहीत. विडीचा बोटाला चटका बसेपर्यंत बसून राहिले.

मग हॅण्डल धरलं. जोर नाही. जरा पुढे, जरा मागे. खालून कोणीतरी होडी गदागदा हलवतंय. पुढे, मागे. टक्! सुटलं! चाक फिरलं, भोकातून काळं तेल उडालं. इंजेक्टर बसवला, डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा फिरवलं. सुरू होईना! आणि विडी विझलेली. "ठोक! ठोक!" तो आता कानाशीच. गार श्वास मानेवर!

आणि आठवलं. अगो बाय! धुराड्यात बोळा! इंजिन ठेवून देताना पाऊस आत जाऊ नये म्हणून धुराड्यात काथ्याचा बोळा कोंबतात. तो तसाच! हिसकून काढला, जीव खाऊन हॅण्डल मारलं, आणि भडभडभडभड! दोन वर्षांची काजळी गेली ती थेट त्याच्या तोंडावर. मेला खोकत खोकत पाण्यात गेला. बापाचाच खोकला हो!

मला तोवर धक्क्यावर आणलेलं. तिथून ते भडभड ऐकलं आणि मी कळा सोसतच हसले. दवाखान्यात पोचलो. उजाडताना हा जन्मला. मीही जगले, बसलेय ना तुमच्यासमोर! घरी आलो तर मामंजी खाटेवरच. खाटेखाली विड्यांच्या थोटकांचा ढीग. म्हणाले, "तू तिथे थांबतोयस की नाही कळेना, म्हणून मी इथे ओढत होतो." आणि नातवाला मांडीवर घेऊन ढसाढसा रडले.

तेव्हा काळोख पडल्यावर खाजणातल्या त्या वाटेने जायचं नाही. ऐकलंत? आणि घाईच्या वेळी कोणी हातोडा पुढे केला, तर तोंड बापाचं असलं तरी आधी पाय बघायचे.

चला, झोपा आता. आणि त्या तुमच्या बापाला कोणीतरी कुशीवर वळवा, इंजिन परवडलं!