कोरी बशी

जपानमधल्या कागोशिमात हॉटेलातल्या कामगारांना दर महिन्याला शौचाचा नमुना द्यावा लागतो. त्या नमुन्याची डबी घेऊन मी आरोग्य कार्यालयाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे इथे आवडीने खातात ते कोंबडीचे कच्चे काप विकणारे म्हातारे हिदाका, आणि खिडकीत तपासणीच्या बाई.

“हिदाकासान, तुम्ही तपासायला दिलेल्या कोंबडीच्या तुकड्यातून काहीच उगवलं नाही.”

“म्हणजे पास!”

“घातक जंतू नाहीत, पण साधेही नाहीत. जंतू वाढवायची बशी दोन दिवस उबेत ठेवली, तरी कोरी.”

“स्वच्छता असते हो आमच्याकडे.”

“माझं धुतलेलं बोट टेकवलं तरी बशीत जंतूंचे ठिपके उठतात. कशात बुडवून आणलात?”

“पाण्यात.”

“नुसत्या? पोहण्याच्या तलावासारखा क्लोरीनचा वास मारत होता तुकडा.”

“बाई, तुम्ही जंतू शोधताय की भांडण?”

“बरं. उद्या मीच येते, दुकानातला तुकडा उचलायला.”

“उद्या दुकान बंद.”

“परवा?”

“परवाही.”

“राहू दे. एवढंच सांगा, घरी तुम्हीही हेच काप कच्चे खाता ना?”

“छे हो! उकडल्याशिवाय बायको तोंडाला लावू देत नाही.”