उभ्यानेच सांगा

ऑपरेशन थिएटरबाहेर म्हातारा शिंपी बायकोच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. समोरच्या बाकावर एक आई मुलीची उद्याच्या पेपरची तयारी करून घेत होती. मुलीचे बाबाही आतच होते.

“कथेचे घटक?”

“कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक.”

“पात्र कसं ओळखायचं?”

“काय बोलतं त्यापेक्षा काय करतं ते बघायचं. मघाशी त्या काकूंशी डॉक्टर उभ्याउभ्याच बोलून गेले. त्यांचा मुलगा बरा आहे.”

“बरं मग?”

“त्याआधीच्या आजींसमोर मात्र खुर्ची ओढून बसले. आजी रडायलाच लागल्या.”

“पुरे. संघर्ष म्हणजे काय?”

“तू म्हणतेस काही होणार नाही, आणि माझी वेणी सारखी सोडतेस नि घालतेस.”

“तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?”

“आई, निवेदकाला शेवट आधीच माहीत असतो ना?”

“कधी कधी.”

दार उघडलं. डॉक्टर थेट आईजवळ आले.

“सगळं छान झालं, ताई,” ते उभ्यानेच म्हणाले.

आईने लेकीला घट्ट कवटाळलं. म्हाताऱ्यालाही हायसं वाटलं.

तेवढ्यात मागून दुसरे डॉक्टर आले आणि कोपऱ्यातली खुर्ची त्याच्यासमोर ओढू लागले.

म्हातारा धडपडत उठला.

“नको, डॉक्टरसाहेब. बसू नका. उभ्यानेच सांगा.”